पाणी आधी पायाने मोजावे

वर्गात माझ्या मोटारसायकलचा विषय निघाला की कॅडेट्सचे प्रश्न ठरलेले असतात. सर, पाणी किती खोल होते? सर, वेग किती होता? सर, पडलात का? एकदा आठवीतल्या एका कॅडेटने हात वर करून, 'सर, गाडी पूर्ण बुडाली तरी चालते का?' असे विचारले. त्याचे उत्तर देण्यात अर्धा तास गेला आणि त्या दिवशी घर्षणाचा धडा अपुरा राहिला. मराठी पानासाठी लेख मागायला आलेल्या मुलांनीही हाच विषय दिला, तेव्हा ठरवले की आजवर कुणीही न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहावे. तो प्रश्न असा : सर, पाण्यात उतरण्याआधी तुम्ही काठावर किती वेळ उभे होता?

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे पाण्यातून गाडी घालायची वेळ वर्षातून फार तर चार दिवस येते, तीही ओढ्याला पूर आला तर. नोकरीसाठी इकडे हिमाचलच्या पायथ्याशी आलो आणि पाण्याचा वेगळाच कारभार पाहिला. इथे ओढ्याला 'खड्ड' म्हणतात. उन्हाळ्यात नुसते गोटे, आणि पावसाळ्यात तासाभरात कमरेएवढे पाणी. पहिल्या वर्षी घरी फोनवर सांगितले की रविवारी खड्डात गाडी चालवायला शिकतो आहे, तर आई म्हणाली, 'आपल्याकडचे खड्डे काय कमी पडले, म्हणून तिकडं गेलास?'

ही विद्या मला शिकवली ती शाळेच्या एम.टी. विभागातल्या उस्तादांनी. ते सातारा जिल्ह्यातले. कोअर ऑफ सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इथे आले. नोकरीतली बरीच वर्षे ते डी.आर. होते, म्हणजे डिस्पॅच रायडर. आजच्या कॅडेट्सना हा शब्द जुना वाटेल. सिग्नल्सची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ची. तेव्हापासून आजपर्यंत तार, वायरलेस, उपग्रह असे सगळे येत गेले. पण तार तुटली, वायरलेस बंद ठेवायचा हुकूम झाला किंवा कागदच हातोहात द्यायचा असला की मोटारसायकलवरचा जवान निघे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्टन आणि बी.एस.ए.च्या गाड्या होत्या, स्वातंत्र्यानंतर बुलेट आली. आपण प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात मोटारसायकलवरचे मनोरे पाहून टाळ्या वाजवतो, त्या कसरतींचे मूळ या डी.आर. मंडळींच्या रोजच्या कामात आहे.

उस्तादांची बरीचशी नोकरी आसामात गेली. तिथल्या पावसाळ्यातल्या चिखलाबद्दल ते फारसे बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, 'सर, डी.आर. भिजला तर चालतं, चिठ्ठी भिजली तर चालत नाही. आणि डी.आर. पोचलाच नाही, तर चिठ्ठी कोरडी असून काय उपयोग?'

पावसाळ्यात मैदानाच्या खालच्या अंगाला खड्डाचे पाणी पसरते आणि तिथे गुडघाभर चिखल होतो. आमचे शिक्षण तिथे झाले. पहिल्या रविवारी उस्तादांनी मला गाडी सुरूच करू दिली नाही. चिखलातून तीन वेळा पायी चालायला लावले. कुठे पाय रुततो, कुठे खाली दगड लागतो, कुठे वरून कोरडे दिसते पण आत दलदल आहे, हे पायाला कळेपर्यंत. मग चाकातली हवा कमी केली. मागच्या चाकात रस्त्यावर तीसच्या आसपास असते, ती विसापर्यंत आणली. हवा कमी केली की टायर थोडा पसरतो, जमिनीला जास्त जागा धरतो आणि वजन एका जागी रुतत नाही. रस्त्यावर परत आल्यावर पंपाने हवा भरायची, हे मात्र विसरायचे नाही. कमी हवेवर वेगात धावणारा टायर तापतो आणि वळणावर दगा देतो.

चिखलात गाडी का घसरते, याचे उत्तर टायरच्या नक्षीत आहे. नक्षीच्या खाचांत चिखल भरला की टायर गुळगुळीत होतो. चाक थोडे फिरत राहिले तर चिखल बाहेर फेकला जातो आणि खाचा मोकळ्या होतात. म्हणून रेस अगदी सोडायची नाही. पण चाक जागच्या जागी गरगर फिरू लागले की तेच चाक आपला खड्डा खणते. तिथे रेस बंद. खाली उतरायचे, गाडी आडवी करायची, चाकाने खणलेला खड्डा दगडांनी भरायचा आणि मग पुढे ढकलायची. पुढचा ब्रेक चिखलात नाहीच. हँडल घट्ट आवळून धरायचे नाही. पायदानावर उभे राहायचे, गुडघे सैल ठेवायचे. गाडी खाली डुलत असली तरी डुलू द्यायचे. आणि नजर पुढे, जिथे जायचे तिथे. चाकाकडे पाहिले की गाडी चाकापाशीच पडते. ही शेवटची गोष्ट मला भौतिकशास्त्राने अजून नीट समजावलेली नाही, पण शंभरदा पाहिली आहे.

पाण्याचा भाग मात्र भौतिकशास्त्राने छान समजतो, आणि तो मी दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडतो. माझी हिमालयन गाडी सुमारे दोनशे किलोची. पाण्याखाली गेलेला भाग जितके लिटर पाणी बाजूला सारेल तितके किलो तिचे वजन कमी भरते, हा आर्किमिडीज. म्हणजे पाणी जितके खोल, तितकी चाकाची जमिनीवरची पकड ढिली. त्यात बाजूने प्रवाहाचा धक्का. हा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाणी दुप्पट वेगाने वाहू लागले की धक्का चौपट.

आता इंजिन. माझ्या गाडीचे इंजिन ४११ सीसीचे, कॉम्प्रेशन रेशो ९.५ : १. म्हणजे पिस्टन सर्वांत वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा सुमारे ४८ घनसेंटिमीटर. अर्धा कप चहा. हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. एअर फिल्टरमधून त्या जागेत मावणार नाही इतके पाणी आत गेले, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. इंजिन चालू असेल तर सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि लोखंडी रॉड वाकतो. म्हणून पाण्यात गाडी पडली किंवा बंद पडली, तर पहिला नियम : स्टार्टरला हात लावायचा नाही. गाडी बाहेर काढा, स्पार्क प्लग काढा, मग इंजिन फिरवा. आत पाणी असेल तर प्लगच्या भोकातून पिचकारीसारखे बाहेर येते. एअर फिल्टर पाहा. तेल पाहा; ते दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, गाडी चालू करू नका. आठवीतल्या त्या कॅडेटला दिलेले उत्तर हेच होते.

हे सगळे वर्गात सांगणे सोपे. ते खरे किती महत्त्वाचे, हे गेल्या जूनच्या अखेरीस स्पितीच्या रस्त्यावर पाहिले.

आम्ही तिघे होतो. उस्ताद त्यांच्या जुन्या बुलेटवर, मी हिमालयनवर आणि तिसरा आमच्याच शाळेचा माजी कॅडेट, एक्सपल्सवर. तो मंडी जिल्ह्यातल्या एका गावचा. मी त्याला भौतिकशास्त्र शिकवले, उस्तादांनी त्याला गाडीचा क्लच म्हणजे काय ते दाखवले आणि आता तो लेफ्टनंट होता. उस्ताद त्याला 'साहेब' म्हणत, तो त्यांना 'उस्ताद'. मी मात्र अजून 'अरे' म्हणतो. आमचे बोलणे हिंदीतच होई. इथे मराठीत देतो आहे.

निघण्याआधी मेसमध्ये कागदावर बेत आखला. सिमल्याहून रामपूर, किन्नौर, नाको, ताबो, काझा. मग लोसरवरून कुंझुम खिंड ओलांडून बातल, छत्रू, ग्राम्फू आणि मनाली. लेफ्टनंटची रजा सोमवारी संपत होती. उस्तादांनी कागद पाहिला आणि खाली एक जादा दिवस लिहिला. 'हा कशाचा?' म्हणून विचारले तर म्हणाले, 'नाल्याचा.' लेफ्टनंट हसला. म्हणाला, 'उस्ताद, नाला आडवा आला नाही, तर हा दिवस माझ्या आईचा.' परतीच्या वाटेवर मंडी लागतेच. रजेचा पहिला आठवडा तो एका कोर्सच्या कागदपत्रांत अडकला होता. घरी एक रात्र राहायचे त्याच्या मनात होते, आणि ती रात्र त्या जादा दिवसातून निघणार होती.

कुंझुमची उंची ४,५५१ मीटर. त्या बाजूचे नाले पावसाच्या पाण्याचे नसतात, बर्फाचे असतात. त्यांचे वेळापत्रक सूर्याच्या हातात. सकाळी ऊन वर चढते तसे बर्फ वितळू लागते, ते पाणी खाली उतरायला काही तास लागतात, आणि दुपारी उशिरापासून संध्याकाळपर्यंत नाला सर्वांत मोठा होतो. रात्री थंडी पडली की वितळणे थांबते. पहाटे पाणी सर्वांत कमी. त्यामुळे त्या रस्त्यावरचे जाणते लोक बातल ते ग्राम्फू ही पन्नासेक किलोमीटरची वाट सकाळीच काढतात. आमचाही बेत तोच होता. पण लोसरच्या पुढे दरड आली होती. बुलडोझर काम करत होता आणि दोन्ही बाजूंना ट्रक थांबले होते. रस्ता मोकळा होईपर्यंत चार तास गेले. खिंड ओलांडून, बातलला चहा घेऊन, चंद्रा नदीच्या काठाने आम्ही छोटा दडाच्या पुढे एका नाल्याशी पोचलो तेव्हा चार वाजले होते.

ही चंद्रा पुढे तांदीला भागा नदीला मिळते आणि दोघींची चंद्रभागा होते; पंजाबात तिलाच चिनाब म्हणतात. पंढरपूरच्या माणसाला हे नाव ऐकून बरे वाटते. पण त्या दिवशी नाल्याचे पाणी पाहून बरे वाटण्यासारखे काही नव्हते. रंग गढूळ तपकिरी. रुंदी पंधरा-वीस पावले. आणि आवाज दोन : एक पाण्याचा, दुसरा त्याच्या आतला, गडगड गडगड, पोत्यातून नारळ ओतावेत तसा. तळाचे दगड घरंगळत होते.

या आवाजामागचे गणित कॅडेट्सनी स्वतः करून पाहावे. दगडाची लांबी ल धरली तर त्याच्यावरचा पाण्याचा धक्का ल वर्ग गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात असतो. त्याला जागेवर धरणारे वजन ल घन या प्रमाणात. दोन्ही बरोबरीला आणले की प्रवाहाला हलवता येणाऱ्या दगडाचे वजन वेगाच्या सहाव्या घातावर जाते. पाणी दुप्पट वेगाने वाहू लागले तर ते चौसष्टपट वजनाचा दगड हलवू शकते. सकाळी जो नाला मूठभर गोटे वाहतो, तोच संध्याकाळी माणूसभर धोंडे ढकलतो.

आम्ही गाड्या बंद केल्या. लेफ्टनंट काही वेळ पलीकडच्या काठाकडे पाहत राहिला. तिथून छत्रू काही किलोमीटरवर. नाला ओलांडला असता तर रात्री मनाली, दुसऱ्या दिवशी सकाळी घर. तो म्हणाला, 'उस्ताद, होईल का?'

उस्ताद म्हणाले, 'साहेब, हुकूम तुमचा. पण आधी पाणी बघून या.'

त्यांनी आपली काठी दिली आणि दोर काढला. दोर कमरेला बांधला नाही. हातात धरायला दिला. वाहत्या पाण्यात बांधलेला दोर माणसाला वाचवत नाही, ताणला गेला की पाण्याखाली दाबतो. आम्ही दोघे काठावर थोडे खालच्या अंगाला दोर धरून उभे राहिलो. लेफ्टनंट प्रवाहाकडे तोंड करून, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाय उचलत आत गेला. पाच पावलांवर पाणी गुडघ्यावर आले. आठव्या पावलाला मांडीपर्यंत. तिथे तो थांबला. काठी रोवायचा प्रयत्न तीन वेळा केला, तिन्ही वेळा ती सरकली. मग तसाच मागे मागे येत बाहेर आला.

तो एका दगडावर बसला, बूट काढले, पाणी ओतले. नडगीवर दोन ठिकाणी दगड लागून कातडे सोलले होते. बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. शिक्षकाला अशा वेळी उत्तर सांगण्याची फार घाई होते. पण हे उत्तर त्याचे होते, आणि त्याची किंमतही त्यालाच भरायची होती. शेवटी त्याने मोजे पिळले आणि म्हणाला, 'सकाळी.'

बस, एवढेच. पुढची पाच मिनिटे तो फोन हातात घेऊन उभा होता. तिथे नेटवर्क नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

नाल्यापासून दूर, उंचावरच्या सपाट जागेवर आम्ही तंबू लावला. उस्तादांनी पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवला, खूण म्हणून. अर्ध्या तासात तो पाण्याखाली गेला. दुसरा ठेवला, तोही गेला.

साडेपाचच्या सुमारास बातलकडून पाच तरुण आले, भाड्याच्या गाड्यांवर. चांगली मुले होती, हसत बोलत होती. उस्तादांनी त्यांना सांगितले की सकाळी पाणी निम्मे होईल, आमच्याकडे राजमा-भात आहे, थांबा. त्यांनी आपसात विचार केला. त्यांचे पलीकडे छत्रूला राहायचे ठरले होते. पहिला वेगात घुसला आणि डगमगत पार झाला. दुसराही गेला. त्या दोघांना पाहून तिसऱ्याने गाडी घातली. नाल्याच्या मध्याच्या अलीकडे त्याचे पुढचे चाक एका दगडावर चढले आणि गाडी प्रवाहाच्या दिशेने आडवी झाली. तो तिच्यासोबत पडला आणि त्याचा एक पाय गाडीखाली अडकला.

लेफ्टनंट पाण्यात होता तेव्हा आम्हाला उठायचे भान आले. दोर आधीच काढलेला होता, कुठे पाय ठेवायचा हे त्याला तासाभरापूर्वी कळले होते. तेवढ्यानेच पुढचे सगळे सोपे झाले. तो गाडीच्या वरच्या अंगाने गेला, खालच्या नव्हे. खालच्या बाजूला उभे राहिले तर पाणी गाडी आपल्याच अंगावर आणते. उस्ताद मागोमाग गेले. दोघांनी हँडल आणि मागचे कॅरिअर धरून गाडी वीतभर उचलली, मुलाने पाय सोडवला आणि दोर हातात धरून तो आमच्याकडे आला. त्याचे दात वाजत होते. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने खेचते, आणि हे पाणी तर बर्फाचे. कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, साखर घातलेला गरम चहा. घोटा सुजला होता, पण हाड शाबूत वाटत होते; तो पायावर उभा राहू शकत होता.

गाडी बाहेर काढायला आणखी वीस मिनिटे लागली. बाहेर येताच तिच्या मालकाच्या मित्राने सवयीने स्टार्टरकडे हात नेला. उस्ताद एरवी कधी ओरडत नाहीत. तेव्हा ओरडले. मग त्यांनी प्लग काढला, सगळ्यांना बाजूला केले आणि इंजिन फिरवले. पाण्याची पिचकारी हातभर लांब गेली. ते बटण दाबले गेले असते तर पुढचा प्रवास ट्रकमधून झाला असता.

पलीकडे पोचलेल्या दोघांना हातवारे करून छत्रूला जायला सांगितले. अलीकडचे तिघे आमच्याजवळ राहिले. राजमा-भात सहा जणांत वाटला. रात्री त्या मुलाने लेफ्टनंटला विचारले, 'तुम्ही फौजेत आहात, मग तुम्ही का नाही गेलात?' लेफ्टनंटने थोडा विचार केला आणि म्हणाला, 'मी गेलो होतो. पायी.'

पहाटे पाचला जाग आली ती शांततेमुळे. पाण्याचा आवाज होता, पण दगडांचा गडगडाट नव्हता. नाल्याशी गेलो. उस्तादांचे दोन्ही पांढरे दगड कोरडे होते आणि पाण्याची कड त्यांच्यापासून पाच-सहा पावले आत सरकली होती. पाणी इतके निवळ की तळ दिसत होता. पुन्हा पायी जाऊन पाहिले. सर्वांत खोल जागी गुडघ्याच्या खाली. नाला जिथे अरुंद होता ती जागा सोडली. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते. रुंद, खळखळणाऱ्या जागी उथळ. अशी जागा निवडून वाटेतले तीन मोठे धोंडे हाताने बाजूला केले. पलीकडच्या काठावर एक जण उभा केला, त्याच्याकडे पाहत यायचे.

उस्ताद आधी गेले. बुलेट धकधक करत, घाई नाही, थांबणे नाही. मग मी. पहिला गिअर, रेस एकसारखी. रेस सोडली की सायलेन्सरमधून पाणी मागे येण्याचा धोका, वाढवली की पाणी उडून एअर फिल्टरकडे जाण्याचा. मध्यावर पुढचे चाक एका गोट्यावर चढले, हँडल डावीकडे ओढले गेले. मी पलीकडच्या माणसाच्या लाल टोपीकडे पाहत राहिलो आणि चाक आपोआप सरळ झाले. अर्धा मिनिटही लागला नसेल. जी गोष्ट तीस सेकंदांत झाली, तिच्यासाठी आम्ही तेरा तास काठावर होतो.

मुलांची बुडालेली गाडी उस्तादांनी रात्रीच पुसून, फिल्टर सुकवून ठेवली होती. तेल स्वच्छ होते. दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. पलीकडे गेल्यावर सगळ्यांनी ब्रेक हलके दाबत शंभर पावले गाडी नेली, म्हणजे ब्रेक कोरडे होतात. मग छत्रू, ग्राम्फू, कोकसर, आणि नऊ किलोमीटरचा अटल बोगदा. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा हवा देवदारांची होती आणि फोन वाजू लागले.

लेफ्टनंटला रात्री चंदीगडहून गाडी पकडायची होती. घरी थांबायला वेळ उरला नव्हता. त्याने मनालीहून आईला फोन केला. मंडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला त्या उभ्या होत्या, हातात कापडात बांधलेले सिड्डू आणि तुपाचा डबा. सगळे मिळून अर्धा तास. त्यांनी आधी मुलाच्या तोंडाकडे पाहिले, मग बुटांकडे. बूट अजून ओले होते. त्यांनी मला विचारले, 'मास्टरजी, पानी जादा था?' मी म्हणालो, 'होतं. म्हणून रात्रभर थांबलो.' त्यांनी मान हलवली. 'अच्छा किया,' म्हणाल्या, आणि उस्तादांच्या हातात आणखी एक सिड्डू ठेवला. लेफ्टनंट सोमवारी वेळेवर युनिटमध्ये हजर झाला.

आमच्या वसतिगृहात काही कॅडेट्सच्या कपाटात सी. एस. संतोष यांचे चित्र चिकटवलेले आहे. २०१५ साली डाकार रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. ३६व्या क्रमांकावर आले. मुले क्रमांक सांगतात. माझ्या मते त्यातला मोठा शब्द 'पूर्ण' हा आहे. त्या रॅलीत दरवर्षी कितीतरी चांगले रायडर्स वाटेतच बाहेर पडतात. वेगवान माणसे पुष्कळ असतात, पोचणारी थोडी.

कॅडेट मित्रांनो, तुमच्यातल्या बहुतेकांना गिअरच्या गाडीचा परवाना मिळायला अजून अवकाश आहे. अठराव्या वर्षाआधी तो मिळत नाही, आणि तोवर गाडीला हात लावायचाही नाही. पण तोपर्यंत काठावर उभे राहण्याचा सराव करता येतो. पावसाळ्यात खड्डाला पाणी आले की पुलावरून पाहा. सकाळी कुठवर होते, दुपारी कुठवर आले, रंग कधी बदलला, आवाज कधी बदलला. वहीत लिहा. पुढे तुम्ही पायदळात जाल, सिग्नल्समध्ये जाल, इंजिनिअर्समध्ये जाल. कुठे ना कुठे तुमच्यामागे तीस माणसे उभी असतील आणि समोर पाणी असेल. तेव्हा तुमचा हुकूम ऐकायला सगळे तयार असतील. आधी स्वतः पायी उतरून या.

पालकांना एक विनंती. मुलाचा फोन ठरल्या वेळी आला नाही, तो एक दिवस उशिरा घरी पोचला किंवा ठरलेली रात्र घरी राहू शकला नाही, तर रागावण्याआधी विचारा, वाटेत पाणी होते का. आणि तो थांबला होता असे कळले, तर त्या माउलीसारखे दोन शब्द म्हणा. त्याला ते पुढे पुष्कळ वर्षे पुरतील.

उस्ताद येत्या जुलैपासून दर रविवारी मैदानाच्या खालच्या अंगाला कर्मचाऱ्यांसाठी वर्ग घेणार आहेत. पहिल्या रविवारी गाडी आणायची नाही, गमबूट आणायचे.